फलकावरच्या म्हशी

"या तिघांत उत्तम फलक कोणता, ते आत्ताच्या आत्ता सांगा! नाहीतर एकेकाची पगडी उतरवीन!" राजा मुकुटराय गरजला आणि दरबारातले सात पंडित एकमेकांच्या मागे लपू लागले.

त्यांची तरी काय चूक? चाळीस दिवस झाले, तीन परदेशी कारागीर दरबारात तळ ठोकून होते. राज्यात काय आहे आणि किती आहे, ते राजाला बसल्या जागी दिसावं म्हणून प्रत्येकाने एकेक फलक आणला होता. पहिल्याच्या फलकावर भाकरीएवढं गोल चाक आणि त्याचे रंगीत तुकडे. दुसऱ्याच्या फलकावर लाकडी मनोरे, आकडा वाढला की मनोरा उंच. तिसऱ्याने खिळ्यांवरून रेशमी दोरी वरखाली नेली होती. आपलाच फलक घ्यावा म्हणून तिघेही घसा फोडत होते. मनोरेवाला तर बघणाऱ्याच्या दर डोळ्यामागे एक मोहोर मागत असे, त्यामुळे काटकसरी खजिनदार त्याच्या फलकाकडे एक डोळा मिटूनच बघे. मला विचाराल तर राजाला खिडकीतून बाहेर बघायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

तेवढ्यात पहारेकऱ्याला ढकलून धावडी गावच्या गवळ्याची लेक ठकू आत घुसली.

"म्हाराज, सणाच्या बासुंदीसाठी आमच्या गावच्या निम्म्या म्हशी, म्हंजी बासष्ट, धाडा असा तुमचा हुकूम आला. पर गावात हायेतच चौसष्ट! राहिलेल्या दोन म्हशींवर गाव जगायचं कसं? पोरांना काय पाणी पाजून झोपवू?"

"चौसष्ट?" राजाने भुवया चढवल्या. चाकावर, मनोऱ्यांवर, दोरीवर, तिन्हीकडे धावडीच्या म्हशी होत्या सव्वाशे. "तीन-तीन फलक खोटे आणि तू एकटी खरी?"

आता यातली गोम अशी. राजाकडे जाणारा आकडा आहे तसा पाठवणं त्या राज्यात अशुभ मानत. म्हणून ज्याच्या हातात आकडा येई, तो शकुनाचा सव्वापट करून पुढे देई. पाटलाने चौसष्टच्या ऐंशी केल्या, महालकऱ्याने ऐंशीच्या शंभर आणि दरबारच्या चिटणिसाने शंभराच्या सव्वाशे. खोटं कोणीच बोललं नव्हतं, सगळ्यांनी फक्त शुभ केलं होतं! राजाला या रिवाजाचा पत्ताच नव्हता, कारण राजाला कोणी काही सांगतच नसे. ठकूने मात्र पाटलाला लिहिताना पाहिलं होतं.

"ठीक आहे!" राजा म्हणाला. "पंडितांना जमलं नाही ते तू कर. उद्या दुपारपर्यंत उत्तम फलक कोणता ते सांग. सांगितलंस तर म्हशी तुमच्या. नाहीतर बासष्टच्या बासष्ट दावणीतून सोडून आणीन! आणि फलकांना बोटसुद्धा लावायचं नाही."

"बोट कशाला लावू? म्हस चांगली का वाईट ते शिंगं रंगवून न्हाई कळत, धार काढल्यावर कळतं," ठकू म्हणाली. "तुम्हाला पक्का ठावा असंल असा एक आकडा तिघांना मांडू द्या. म्हाराजांच्या राण्या किती?"

सातही पंडितांनी कानांवर हात ठेवले.

"चार," राजा फक्त ठकूला ऐकू येईल असं पुटपुटला.

"मग तेवढंच मांडा. पर आकडा नेहमीच्या रीतीनं, हातोहात येऊ द्या. अन् म्हाराजांनी मधे बोलायचं न्हाई!"

राणीवशाच्या देवडीवाल्याने आत जाऊन मोजलं, चार राण्या, आणि लिहिलं पाच. चिठ्ठी कारभाऱ्याकडे गेली. पाचाचे सव्वासहा झाले. पाव राणी लिहायची कशी? त्याने सात लिहिल्या. सातांचे चिटणिसाच्या हातात पावणेनऊ झाले आणि त्याने सरळ नऊ करून टाकल्या. आकडा कशाचा आहे, हे दोघांपैकी कोणी वाचलंच नाही. आकडा दिसला की वाढवायचा, हात बसलेला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी भरदरबारात फलकांवरचे पडदे सरकले.

"बघा महाराज, नऊ राण्यांचे नऊ तुकडे! नववा खास गुलाबी!" चाकवाला म्हणाला.

"नऊ मजली मनोरा! असा कोणत्याच राज्यात नाही!" मनोरेवाला ओरडला.

"आणि दोरी चढतीच आहे," दोरीवाल्याने हात चोळले. "हाच वेग राहिला तर दिवाळीपर्यंत चौदा!"

जाळीच्या पडद्यामागून थोरल्या राणीसाहेबांचा आवाज आला. "महाराज! बाकीच्या पाच कुठे ठेवल्यात?"

राजाला दरदरून घाम फुटला. "ठकू, उत्तम फलक कोणता ते सांग! लवकर सांग!"

"सोपं हाय, म्हाराज! जो फलक वरच्या पाच राण्या इथं हजर करील, तो उत्तम! अन् आमच्या गावात नसलेल्या एकसष्ट म्हशीबी त्याच फलकावरनं सोडून घ्या. बासुंदी तिथंच आटवा!"

आधी जाळीमागे हसू फुटलं, मग दरबारात. चिटणिसाने चाचरत शकुनाचा रिवाज सांगितला, तेव्हा राजाही पोट धरून हसू लागला.

"चौसष्टही म्हशी तुमच्या! वर माझ्या गोठ्यातल्या दोन दुभत्या म्हशी तुला बक्षीस! चिटणीस, लिहा हुकूम!"

"नगं, नगं!" ठकू ओरडली. "लिहू नका, म्हाराज! वर येताना आकडा सव्वापट होतो, पर बक्षीस खाली जाताना त्याच हातांनी पाऊणपट होतं. दोन म्हशी इथनं निघाल्या तर धावडीला नुसत्या शेपट्या पोचतील!"

राजा इतका हसला की त्याची स्वतःचीच पगडी घरंगळली. ती उचलायलाही न थांबता तो गोठ्यात गेला आणि दोन्ही म्हशींची दावी त्याने आपल्या हाताने ठकूच्या हातात दिली.