ताम्हणाच्या वर ओंजळ

"एकदा कबूल केलेलं बापपण परत घेता येतं का, माई?"

मठातल्या माई देवापुढं बसून वाती वळत होत्या. हात थांबले नाहीत.

"कोर्टात येतं?"

"वकील म्हणतात, येतं. 'बायको पोटुशी होती हे मला ठाऊक नव्हतं' एवढंच म्हणायचं. पुढं रक्त तपासतील."

"आणि तुला ठाऊक नव्हतं?"

रणधीरराव मोकाशी मिशीचं टोक चाचपू लागले.

ठाऊक कसं नव्हतं! मंदाकिनीला लग्नाआधीच दिवस राहिले आणि ज्याच्यापासून राहिले तो माणूस तोंड चुकवून परागंदा झाला. तेव्हा भरल्या गावासमोर, मिशीला पीळ देत, रणधीररावांनीच तिच्याशी लग्न लावलं होतं. पोर जन्मली तेव्हा दवाखान्यात बापाच्या नावापुढं सही ठोकली होती, तीही अशी झोकदार की नर्सबाई हसली होती.

आता पोर नऊ वर्षांची झाली. यंदाच्या जत्रेत देवीपुढं दिवटी धरायचा मान मोकाश्यांच्या थोरल्या लेकराचा. आणि भावकी आडवी आली, थेट कोर्टात गेली. "दिवटी आमच्या रक्ताची. उपऱ्या पोरीच्या हाती द्यायची नाही."

"चारशे वर्षांचा मान आहे, माई. माझ्यापायी घराण्याला बट्टा लागायला नको."

"मग अडलंय कुठं?"

"जीभ अडते." त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही माझ्याकडून उदक सोडवून घ्या. देवासमोर एकदा तिच्यावर पाणी सोडलं, की सोमवारी कोर्टात बोलायला मोकळा."

माईंनी वाती बाजूला ठेवल्या.

रागावतील असं रणधीररावांना वाटलं होतं. माई रागावल्या नाहीत. त्यांनी ताम्हण पुढं सरकवलं, पळीभर पाणी त्यांच्या ओंजळीत घातलं.

"ताठ बस. मी सांगते तसं म्हण."

"हो."

"आज या तिथीला, देवासमोर..."

"आज या तिथीला, देवासमोर..."

"वैजयंती नावाची एक पोर..."

"वैजयंती नावाची एक पोर..."

"जिला बाप नाही..."

ओंजळ मागं आली.

"बाप नाही कसा?"

"बरं. जिचा बाप कोण ते ठाऊक नाही..."

"माई!" रणधीररावांचा आवाज मठाच्या छताला लागला. ओसरीवर फुलं निवडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "नीट नाव घ्या तिचं. वैजयंती रणधीर मोकाशी! सगळा गाव ओळखतो तिला. दिवटी पेलायची म्हणून महिनाभर पाण्याची कळशी हात ताठ करून धरते रोज. माझा चुलतभाऊ तेवढा वेळ धरून दाखवू दे!"

"म्हणजे तुझीच आहे."

"माझीच! दुसऱ्या कुणाची?"

"असं होय..." माई समाधानानं मागं टेकल्या. "मग काही अडचण नाही. परक्याच्या वस्तूवर उदक सोडता येत नाही बाबा. जे आपलं असतं, त्याच्यावरच सोडतात."

त्यांनी ताम्हण आणखी जवळ सरकवलं.

"सोड आता."

...

रणधीररावांनी ओंजळीकडं पाहिलं. एक थेंब बोटांच्या फटीतून निसटू लागला. त्यांनी बोटं घट्ट आवळली.

ओसरीवरची एक म्हातारी कुजबुजली, "सोडतोय का गं?"

"गप की."

...

शेवटी ते उठले. ओंजळ तशीच छातीशी धरून, एक थेंब सांडू न देता, अंगणात गेले. तुळशीच्या मुळाशी पाणी घातलं. ओले हात डोळ्यांना लावले.

परत आले ते मान वर करून. मिशीचा पीळही कधी नव्हे इतका ताठ.

"माई... आणि सोमवारी कोर्टात काय सांगू?"

माईंनी पुन्हा वाती वळायला घेतल्या.

"मघाशी मला जिथं अडवलंस ना... तिथंच त्यांना अडव."