सतरा घरांची गोधडी

फार फार पूर्वीची गोष्ट. एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी सतरा घरांचं एक गाव होतं. त्या काळी शिवणाची मशीनं कुठून आली, असं मला विचारू नका. गोष्टीतल्या राज्यात राजाही असतो आणि मशीनही असतं. आपण फक्त ऐकायचं.

त्या गावात एक बाई राहायची. लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत. गोधड्या शिवणं हे तिचं काम, आणि त्या कामाचा तिला भारी अभिमान. कुणी म्हणालं, "गोधडी छान आहे हो," की आक्का म्हणायची, "नुसती छान? उलटी करून बघा!" तिच्या गोधडीची मागची बाजूही पुढच्याइतकीच साफ असायची, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

गावाची एक रीत होती. गावच्या लेकीला पहिलं मूल झालं की बारशाला माहेरची गोधडी जायची, आणि तिच्यात प्रत्येक घरचा एक तुकडा असायचा. पाटलाकडून रेशीम, कुंभाराकडून जुनं लुगडं, कोष्ट्याकडून मागावरचं कोरं कापड, मेंढपाळाकडून घोंगडी. ज्याच्या घरी जे असेल ते. शिवण काठापासून सुरू करायची आणि गोल गोल फिरवत मधोमध आणायची. वाटेत एकही घर वगळायचं नाही. घर वगळलं, तर त्या घराचा आशीर्वादच लेकराला पोचला नाही असं मानत.

आता झालं असं, की या गावची एक लेक राज्याची राणी झाली होती. तिला मुलगी झाली. राजवाड्यातून निरोप आला, "सव्वा महिन्याने बारसं आहे. माझ्या माहेरची गोधडी हवी."

गाव आनंदाने नाचलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात आक्काचं जुनं मशीन बंद पडलं. तीस वर्षं राबलं होतं बिचारं. आतली चाकं पार झिजून गेली होती. हाताने शिवावं म्हटलं, तर जाड थरातून सुई ओढायची ताकद आक्काच्या बोटांत आता उरली नव्हती. राजाच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "राजधानीत मशीनांचं मोठं दुकान आहे. आक्कांना जे पसंत पडेल ते माझ्याकडून भेट."

आक्का बैलगाडीत बसून राजधानीला निघाली. तुकड्यांचं गाठोडं घरीच होतं. ते बरोबर घ्यावं, असं तिच्या मनातही आलं नाही. राजधानीच्या दुकानात जुनेर घेऊन कोण जातं? राणीच्या लेकीची गोधडी शिवायची तर मशीनही तसंच ऐटदार हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुकानात शिरताच ती म्हणाली, "तुमच्याकडचं सगळ्यात उत्तम मशीन दाखवा."

दुकानदाराने एक पांढरंशुभ्र मशीन पुढे केलं. त्याच्या अंगावर सोनेरी वेल होती. त्याला शंभर तऱ्हांचे टाके यायचे: पानं, फुलं, अगदी मोरसुद्धा. दुकानदाराने खळ देऊन ताठ केलेल्या कापडाची एक पट्टी सुईखाली सरकवली, आणि बघता बघता तिच्यावर मोरांची रांग उभी राहिली. आक्काने तोंडात बोट घातलं. तीस वर्षांत तिने एकही मोर शिवला नव्हता. तसा तो कधी लागलाही नव्हता, पण दुकानात उभं राहिल्यावर हे कुणाला आठवतं?

"हेच द्या," आक्का म्हणाली.

मशीन गावात आलं ते वाजतगाजत. वेशीवर ढोल वाजले. बायकांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं. पाटलाने स्वतःच्या हाताने हार घातला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "असं मशीन आसपासच्या दहा गावांत नाही!" आक्काला आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव अंगणात गोळा झालं. आक्का मशीनवर बसली. कोरं कापड सरसर गेलं. लुगडं गेलं. रेशीम तर लोण्यासारखं गेलं. मग काठाच्या कोपऱ्यावर घोंगडीचा तुकडा आला.

खट्! सुई मोडली.

आक्काने दुसरी लावली. तीही मोडली. तिसरी वाकली, आणि खाली दोऱ्याचा गुंता झाला. शिवाय गोधडीची गुंडाळी मशीनच्या मानेखालून पलीकडे जाईना, इतकी तिथली जागा अरुंद. नाजूक कापडासाठी केलेलं मशीन ते, त्याचा तरी काय दोष?

पाटील घसा खाकरून म्हणाला, "आक्का, एक तुकडा राहिला तर काय आभाळ कोसळतंय का? राजाची भेट आहे ही. परत नेलंस तर गावाचं नाक कापलं जाईल. मी हार घातलाय त्याला!"

तेवढ्यात मागून मेंढपाळाची बायको पुढे आली. हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे आक्का. आमचं कापडच मेलं जाडंभरडं. राजाच्या घरी कुठं शोभायचं ते?" आणि आपला तुकडा उचलून घ्यायला ती खाली वाकली.

आक्काच्या काळजात चर्र झालं. हार मशीनने मानली होती आणि मान खाली घातली होती या बाईने. आजवर आपल्या हातून एकही घर सुटलं नाही, हाच तर तिचा खरा अभिमान. तो सोनेरी वेलीपायी गहाण टाकायचा?

"हात लावू नकोस त्याला," आक्का म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "खोट हिच्या कापडात नाही. मी मशीन निवडायला चुकले. बैल जुंपा."

ज्या रस्त्याने मशीन मिरवत आलं होतं, त्याच रस्त्याने ते भर दुपारी परत निघालं. काही जण तोंडाला पदर लावून हसले, काही उघड हसले. आक्काला लाज वाटली, खूप वाटली. तरी ती गाडीत ताठ बसून राहिली. या वेळी तिच्या मांडीवर सतरा तुकड्यांचं गाठोडं होतं.

दुकानात गेल्यावर तिने पांढरं मशीन दुकानदारापुढे ठेवलं आणि म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं, सगळ्यात उत्तम कोणतं. आज विचारते, माझं काम यातलं कोण करील?"

तिने गाठोडं सोडलं. दुकानातल्या नोकरांनी नाकं मुरडली. आक्काने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली घोंगडी, मधे लुगड्याचे दोन पदर, वर रेशीम अशी तिने घडी केली आणि एकेका मशीनखाली धरली. एक मशीन जागच्या जागी अडलं. एकाने घोंगडी शिवली, पण रेशमाला चुण्या पाडल्या. एकाचा दोरा पुन्हा पुन्हा तुटला. दुपार कलली. दुकानदार जांभया देऊ लागला.

शेवटी कोपऱ्यात एक काळं मशीन दिसलं. वेल नाही, फूल नाही, अंगावर धूळ बसलेली. पण त्याच्या मानेखाली गोधडीची अख्खी गुंडाळी मावेल एवढी ऐसपैस जागा होती. चाक हाताने फिरवलं की सुई एकेक टाका घालत सावकाश जायची. आक्काने घडी धरली. मशीन घोंगडीवर चढलं, पलीकडे रेशमावर उतरलं, आणि टाका जराही अडखळला नाही. आक्काने घडी उलटी करून पाहिली. मागची बाजूही तशीच साफ होती.

"हे," ती म्हणाली.

"अहो आक्का, याला एकच टाका येतो! साधा सरळ."

"मला एकच लागतो."

दुकानदाराने सुटलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं सांगू? काय शिवायचंय, हे मीही तुम्हाला विचारलं नव्हतं. माझंही चुकलं."

काळं मशीन गावात आलं तेव्हा ढोल वाजले नाहीत. आक्काने त्याची धूळ पुसली, तेल घातलं आणि बारशाच्या आधी दोन दिवस गोधडी पुरी केली.

बारशाला सतराच्या सतरा घरं राजवाड्यात गेली. राणीने गोधडी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर खाली बसून ती मांडीवर पसरली. डोळे मिटून ती गोधडीवरून बोटं फिरवू लागली. "हे पाटीलकाकांचं रेशीम... ही कुंभारमामी... हे कोष्टीआजोबा..." एकेक घर ती हाताने ओळखत होती. सोळा घरं झाली. राणीचा हात थबकला आणि काही तरी शोधत पुढे सरकला. दाराशी उभ्या असलेल्या मेंढपाळाच्या बायकोने श्वास रोखून धरला.

हात कोपऱ्यातल्या जाडसर तुकड्यावर आला. राणीचे डोळे भरून आले. "घोंगडीवाली मामी! आलीस ना गं? ये, पुढे ये."

आणि राजकन्या सगळ्यात आधी मेंढपाळाच्या बायकोच्या ओटीत गेली. राणी म्हणाली, "आता माझं माहेर पुरतं आलं."

पाटील डोळे पुसत शेजारच्या सरदाराला सांगत होता, "मी तर आधीपासून म्हणत होतो, एकही तुकडा सोडायचा नाही!" आक्काचं तिकडे लक्षच नव्हतं. लेकराला छातीशी धरून उभी असलेली ती बाई तिला दिसत होती. ती सगळ्या दरबारात ताठ मानेने उभी होती, आणि ते पाहून आक्काचं ऊर भरून आलं.

त्या दिवसापासून राजधानीच्या दुकानात कुणी मशीन घ्यायला आलं, की दुकानदार मोर दाखवत नाही. तो म्हणतो, "आधी तुमचं गाठोडं सोडा."

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं पदराला बांधून ठेवा: साधन त्याच्या दिमाखावर भुलून निवडू नये, आपल्या कामातला सगळ्यात अवघड तुकडा त्याच्यापुढे ठेवावा आणि मगच निवडावं.