नखघाशीचा कातळ

पावण्यांनो, कातळावर पाय देऊ नका, वळसा घालून या. मधोमध अंगठ्याएवढी खोबण दिसते ना? ती छिन्नीची नाही. नखाची आहे, असं आमच्या वाडीत सांगतात.

लई वर्षांमागं इथं चाहू नावाचा म्हातारा ठाकर वैदू होता, म्हणे. रानकांदा खणायचा, मधल्या पाकळ्या सावलीत वाळवून कुटायच्या, अन् आपल्या अंगठ्याच्या नखावर मावेल तेवढी पूड मधातून द्यायची. बापानं एवढंच शिकवलेलं. साऱ्या वाडीचा खोकला त्या नखानं घालवला होता.

एका सकाळी ठकी आपल्या चार वर्षांच्या हिरीला कडेवर घेऊन आली. पोर खोकून खोकून निळी पडलेली. चाहूनं नखभर पूड चाटवली. खोकला थांबला. पण ऊन कातळावर येईस्तोवर पोरीला उलट्या लागल्या, मान पडली. चाहूनं नाडी धरली. एक ठोका लागे, अन् दुसऱ्याची वाट बघावी लागे.

"आजा, काय घातलंस माझ्या पोरीच्या पोटात?"

"रोजचंच गं, बाय."

"रोजचंच? मग तू खा. माझ्यासमोर खा!"

चाहूनं तेवढीच पूड नखावर घेतली अन् चाटली. पोर जाणार असंल, तर आपण मागं कशाला राहायचं? एक हात तिच्या नाडीवर, दुसरा आपल्या छातीवर ठेवून तो या कातळावर बसला. ऐनाच्या झाडाची सावली इकडून तिकडं सरकली. पोरीचा ठोका चुकत होता. त्याचा मात्र एकही चुकेना.

मग त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. जोंधळ्याच्या दाण्याएवढं नख.

"ठके," तो म्हणाला, "माप माझं घेतलं गं, अन् पोट हिचं होतं."

ठकीनं पोरीला मांडीवर घेतलं. दोघं बसून राहिली. उलट्यांवाटे विष निघून गेलं असावं. ऊन कलल्यावर ठोके जुळले, अन् हिरी म्हणाली, "आये, पेज."

चाहू उठला नाही. तिथंच त्यानं अंगठ्याचं नख कातळावर घासलं, रगत येईस्तोवर. हे नख पुन्हा वाढू द्यायचं नाही, अन् लेकराच्या तोंडी हा कांदा घालायचा नाही, अशी आण घेतली. मरेपर्यंत रोज सकाळी येऊन घाशी, म्हणे. त्याच्यामागं वैदूपण हिरीनंच चालवलं.

आजही रानकांदा खणायला निघालेला माणूस आधी इथं नख घासतो. लेकराला तो कुणी देत नाही. अन् मोठं माणूस औषधाला आलं, तरी वैदू आधी म्हणतो, "हात दाव तुझा. नख बघू."