केशरी चष्मा

"…पण बाई, रंगच बघायचा नसेल तर प्रयोग करायचा कशाला?"

शार्दूलने हे विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांवर केशरी काचांचा चष्मा होता, आणि तो त्याला अगदी नकोसा झाला होता.

प्रयोग तसा साधा. काचेच्या भांड्यात शुद्ध पाणी, तळाशी सोन्याचा छोटासा पत्रा आणि त्यावर वरून पडणारे लेझरचे हिरवे ठोके. प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर ठिणगी उडते. पाण्यात एक बुडबुडा फुगतो आणि पापणी लवायच्या आत मिटतो. त्या बुडबुड्याच्या पोटात सोन्याचे कण तयार होतात, साध्या सूक्ष्मदर्शकाला सापडणार नाहीत इतके बारीक. हळूहळू पाणी डाळिंबी होत जातं. कण लहान की मोठे, ते त्या छटेवरून ओळखायचं.

अडचण एवढीच, की हिरवा लेझर डोळ्यांत जाऊ नये म्हणून जो चष्मा घालायचा, त्यातून डाळिंबी पाणीही केशरी दिसतं आणि साधं पाणीही.

"लेझर बंद कर. चष्मा काढ. मग बघ," बाई म्हणाल्या.

"तोवर तो क्षण निघून जातो."

"जाऊ दे."

बाई म्हणजे डॉ. प्रमिला खटावकर, विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलायच्या मोजकं. शार्दूल त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नसे. बाईंच्या सावधपणाला तो मनातल्या मनात भित्रेपणा म्हणायचा. चहाच्या टपरीवर उघडपणे म्हणायचा.

"बाई, तुम्हाला लेझरची भीती वाटते का?" त्याने विचारलं.

"वाटते."

तो हसला. मला नाही वाटत, असं काही तो बोलला नाही, पण हसण्यात ते होतंच.

मग एका दुपारी खोलीत तो एकटाच असताना त्याने चष्मा कपाळावर सरकवला. याआधीही त्याने हे केलं होतं, काही झालं नव्हतं. पाण्यात फिकट गुलाबी धूर पसरावा तसा रंग उतरू लागला. फार सुंदर दिसत होतं ते. तो आणखी थोडा वाकला.

भांड्यातला पत्रा जरासा कलला असावा.

पत्र्यावरून उलटून एक हिरवा लखलखाट डोळ्यात आला. दुखलं काहीच नाही. लखलखाट विरला, पण उजव्या डोळ्यापुढे मधोमध एक डाग राहिला.

त्याने डोळे धुतले. घरी जाऊन झोपला. सकाळी उठून आरशापुढे उभा राहिला आणि डावा डोळा झाकला. कान दिसत होते. केस दिसत होते. मधे चेहरा नव्हता.



तरी तो कुणाला बोलला नाही. डोळ्याला इजा झाली की त्या माणसाचं काम त्याच दिवशी थांबवायचं आणि चौकशी बसवायची, असा नियम होता. प्रबंधाची शेवटची मोजमापं तेवढी उरली होती. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती, ती तो गेला नाही तर दुसऱ्याला मिळणार होती. आपोआप बरं होईल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग दर थोड्या वेळाने डावा डोळा झाकून बघायचं. डाग तिथेच. रस्त्यात, जेवताना, अंथरुणात, हाच उद्योग. उद्या दुसऱ्या डोळ्यालाही असंच झालं तर, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग निघेचना.

सोमवार आला.

बाईंच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. लेझरच्या खोलीच्या दाराशी भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवलेला असे, मधोमध काळा ठिपका. दर सोमवारी प्रत्येकाने त्याच्यासमोर उभं राहायचं, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा सरळ दिसतात का ते बाईंना सांगायचं.

"उजवा झाक."

त्याने झाकला.

"रेषा?"

"सरळ."

"आता डावा."

त्याचा हात वर गेला आणि पुन्हा उजव्याच डोळ्यावर बसला.

"रेषा?"

"सरळ."

लहान मूलही यात फसलं नसतं. पण घाबरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला लपवायचंय ते कुणाला दिसणारच नाही.

बाईंनी लेझरच्या खोलीचं दार उघडलं.

"आत चल," त्या म्हणाल्या. "तुझं म्हणणं मला पटलं. रंग बघायलाच हवा."

आत गेल्यावर त्यांनी दार लावलं. त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा नीट बसलाय ना, ते बघितलं. लेझरची किल्ली फिरवली. मग स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि भांड्यावर वाकल्या.

"चालू कर."

"बाई, तुमचा चष्मा…"

"त्यातून रंग दिसत नाही. तूच म्हणालास."

"पण पत्रा कलला तर?"

"तू बघतोसच की. तुला काही झालं का?"

…

त्याचं बोट बटणावर होतं. 'नाही' म्हणायचं आणि बटण दाबायचं, एवढंच करायचं होतं. कदाचित काहीच झालं नसतं. त्या दुपारपर्यंत कुठे काय झालं होतं? मोजमापं पुरी झाली असती, प्रबंध झाला असता, विमानात बसता आलं असतं.

"शार्दूल, चालू कर."

बाई हलल्या नाहीत.

…

त्याने हात काढून घेतला.

"बाई, चष्मा घाला."

"का?"

"मला उजव्या डोळ्याने… तुमचा चेहरा दिसत नाही."

एवढं बोलून तो तिथेच फरशीवर बसला आणि रडू लागला.

बाईंनी किल्ली काढून पर्समध्ये टाकली. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. त्याचा दंड धरून त्याला उठवलं आणि रिक्षात बसवलं.

डोळा बरा होईल का, त्याने रिक्षात विचारलं. माहीत नाही, त्या म्हणाल्या. माझं काम थांबणार का? हो, आजच. मग प्रबंध? त्यांनी रिक्षावाल्याला खड्डे चुकवून हळू चालवायला सांगितलं.

दवाखान्यात नर्सने त्याच्या दोन्ही डोळ्यांत औषध घातलं आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. बाकावर शेजारी बाई होत्या. त्यांनी त्याचा हात हातात धरला होता. बाईंचा हात कापतोय, हे त्याला तेव्हा जाणवलं.

"बाई… मी बटण दाबलं असतं तर लेझर खरंच चालू झाला असता?"

"झाला असता."

"आणि तुम्ही तशाच पाण्याकडे बघत राहिला असता?"

…

"पाण्याकडे मी बघतच नव्हते," बाई म्हणाल्या. "मी तुझ्या बोटाकडे बघत होते."