कालची भाकरी

"मग माझं चुकलं कुठं, बाबा?"

मदारबाबा फकीर चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही. टेकडी चढून आलेले त्र्यंबकशेठ वडके घाम पुसत उभेच राहिले. गावातला तांब्याच्या भांड्यांचा सगळ्यांत मोठा कारखाना यांचा. कुणापुढं ताटकळायची सवय नव्हती.

"नीट सांग," बाबा म्हणाले.

शेठनी सांगितलं. देवळाचा कळस पौर्णिमेच्या आत द्यायचा होता. त्यासाठी मठारकाम करणारे, म्हणजे तांब्यावर हातोडीनं एकसारखे ठोके उठवणारे कारागीर हवे होते. लहानू आला, मथुराबाई आली. दोघांनी एकेक हंडा मठारून दाखवला. हंडे शेजारीशेजारी ठेवले, तर कुठला कुणाचा हे खुद्द शेठना ओळखता येईना.

"मग मी विचारलं, आधी कुठं होतात, किती मिळत होतं? वडिलांपासूनची रीत आहे आमची. असेल त्यावर थोडं चढवून द्यायचं. लहानूला पाचशे रोज होता, मी साडेपाचशे बोललो. मथुराबाई नवऱ्याच्या ऐरणीवर नऊ वर्षं ठोके मारत होती. तो गेला, म्हणून आता बाहेर पडली. तिला रोज कुठला? तरी मी तीनशे म्हणालो. शून्यावरून थेट तीनशे, बाबा. कुणी देईल?"

"मग?"

"हातोडी पिशवीत घातली नि म्हणाली, लहानूइतकं द्याल तर येते. घरी दोन लेकरं, चूल पेटायची मारामार, आणि तोरा बघा. ती तुम्हाला मानते. तुम्ही दोन शब्द सांगा तिला. नाहीतर कळस राहतो आणि गावात माझं नाक कापलं जातं."

बाबांनी तव्यावरची भाकरी उलटली...

"बस. जेवून जा."

शेजारी म्हाळू धनगर येऊन बसला होता. मेंढरं खाली सोडून तो रोज दुपारी इथं टेकायचा. बाबांनी त्यालाच आधी विचारलं, "म्हाळू, काल किती खाल्लंस?"

"भाचीचं लगीन होतं बाबा. आठ पोळ्या चेपल्या. अजून ढेकर येत्यात."

बाबांनी त्याच्यापुढं नऊ भाकऱ्या रचल्या. म्हाळू भेदरून त्या चवडीकडं बघत राहिला.

"आणि शेठ, तू काल?"

"काल सोमवार. माझा कडकडीत उपास असतो. पाण्याशिवाय काही नाही." हे सांगताना शेठची मान जरा ताठ झाली.

बाबांनी एक भाकरी मोडली. तिचा चतकोर शेठच्या ताटात ठेवला, वर बोटभर ठेचा.

शेठनी वाट पाहिली. म्हातारा विसरला असेल, आणखी वाढेल. पोटात तर कावळे कोकलत होते. बाबा हात धुवायला लागले.

"बाबा... एवढंच?"

"शून्यावरून थेट चतकोर. कुणी देईल?"

शेठची कानशिलं तापली. या बोडक्या टेकडीवर, एका धनगरासमोर आपली अशी शोभा व्हावी, याचा त्यांना भयंकर राग आला.

"अहो, पण भूक आजची आहे ना!"

बोलून गेले, आणि आपलेच शब्द ऐकून दचकले.

...

म्हाळूनं हळूच चार भाकऱ्या टोपलीत परत ठेवल्या.

"साडेपाचशे," शेठ शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता, पण पक्का होता. "जेवलो की तडक तिच्या दारात जातो. मीच जातो. आणि झालं ते माझं चुकलं म्हणून सांगतो."

बाबांचा चेहरा उजळला. तव्यावरची गरम, टम्म फुगलेली भाकरी त्यांनी शेठच्या ताटात घातली. शेठनी मोठा घास मोडला.

"कळसाला दोन माणसं पुरतील?"

"छे. तिसरा उद्या येतोय, पलीकडच्या गावचा. हात चांगला आहे म्हणतात."

"बरं. आल्यावर पहिलं काय विचारशील त्याला?"

"काय विचारणार? आधी कुठं होतास, किती मिळत..."

घास तोंडापाशीच थांबला.

बाबांनी हात लांब केला आणि ताटातली भाकरी शांतपणे उचलून घेतली.

"शेठ, तुझा उपास अजून सुटला नाही."