म्हाकूबाई आणि घळीतलं ऊन पाणी

ऐका बाळांनो, आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही. फार फार वर्षांमागची गोष्ट, उंचावरच्या काळमाथ्याची. तिथं झाड नव्हतं, पाऊस नावापुरता, आणि थंडी अशी की घागरीतल्या पाण्याचा दगड व्हायचा. त्या माळावर एका घळीत जमिनीतून उकळतं पाणी वर यायचं. वाफा निघायच्या, गंधकाचा वास सुटायचा. खाली राक्षस राहतो म्हणून कुणी मेंढरंसुद्धा तिकडं नेत नसे.

माळावरच्या धनगरांच्या वस्तीत म्हाकूबाई नावाची सुईण होती. अंगानं काटकुळी, पण हसली की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाई, असं म्हणतात.

एका हिवाळ्यात गारा पडायला लागल्या, त्या थांबेनातच. शेण्या भिजल्या, वस्तीतली एकूण एक चूल विझली. आणि नेमकी त्याच सकाळी धुळा धनगराची बायको गंगू बाळंत झाली. पोरगी झाली, पण गार पडलेली. रडेना, हलेना. म्हाकूबाईनं तिला चोळलं, पोटाशी धरलं, काही उपयोग होईना. तशी ती लेकराला पदरात गुंडाळून घळीकडं निघाली.

धुळा आडवा आला. "आत्ती, तिकडं नगं! राकीस हाय तिथं."

"असू दे की! आज चूल तेवढी त्याचीच पेटलीया."

ती तडक काठावर गेली. पाणी रटरटत होतं. म्हाकूबाई वाकून म्हणाली, "बाबा, जरा निव. लेकरू हाय."

आणि पाणी निवलं, असं म्हणतात. ती गळ्यापर्यंत आत बसली, पोरीला छातीशी धरून. हळूहळू पोरीचे ओठ लाल झाले. मग तिनं असा टाहो फोडला की मागोमाग आलेला धुळाही रडायला लागला.

म्हाकूबाई मात्र खदखदून हसली. ते हसू ऐकून वस्ती धावत आली. गंगूला उचलून आणलं, मग म्हातारे उतरले, मग पोरं, शेवटी मेंढरंही. डोक्यावर गारा, अंगाला ऊब, आणि सगळी वस्ती पाण्यात बसून गातेय! गारा थांबल्या तरी कुणी बाहेर येईना.

ते पाणी पुन्हा कधी उकळलं नाही, असं म्हणतात.

काळमाथ्यावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली अंघोळ अजून तिथंच होते. आणि मुलगी असो की मुलगा, घरातलं नाव म्हाकूच. म्हणून थंडीत कुणी काठावरून नुसतं "म्हाकू गं!" म्हटलं, की वाफेतून दहाबारा डोकी एकदम वर येतात आणि एका सुरात ओरडतात, "ओ!"