जिथे कुणी मरत नाही

सरकार आमच्या घाटावरचा दवाखाना बंद करणार होतं. मग माझ्या लेकीचा, रेवूचा दमा उसळला तर काय, या काळजीनं माझी झोप उडाली होती.

मंत्री सभेत म्हणाले, "इथला मृत्युदर राज्यात सर्वांत कमी! दवाखाना हवा कशाला?"

अत्यवस्थ माणसाला आम्ही खाली शहरात नेतो. तो तिथे दगावतो, तिथल्याच आकड्यांत मोजला जातो. हे मुद्देसूद मांडणं मला जमलं नसतं. तरी उठले.

"साहेब, तुमच्या आईसाहेब आजारी आहेत, असं पेपरात वाचलं. त्यांना इथेच आणून ठेवा ना! इथे कुणी मरत नाही."

मंत्री घाम पुसू लागले.

माझ्याशेजारी बसलेल्या रेवूनं त्यांना विचारलं, "आजोबा, कधी येणार तुमची आई? माझा दम्याचा पंप देईन मी तिला."